परबकाकांची गॅलरीतली बोट

भिकाजी परब. हे नाव आधी लिहून टाकतो, नाहीतर सांगण्याच्या भरात सगळी फुशारकी माझीच होऊन बसेल. वेसाव्याच्या बोटीवर त्या नारळी पुनवेला जे वाजलं, ते या माणसामुळं वाजलं.

परबकाकांना कागदावरचा नकाशा मंजूर नव्हता. कुठलंही काम खडूनं जमिनीवर, खऱ्या मापात आखायचं. एकदा त्यांना कपाट घ्यायचं होतं, तर आधी खोलीत खडूचं कपाट आखलं आणि पंधरा दिवस त्याला वळसा घालून चालले. अडचण होते म्हणून खरं कपाट घेतलंच नाही.

गिरणीत ते वायरमन होते. संपानंतर अंधेरीच्या आमच्या चाळीत एकटेच राहायचे; घरची माणसं मालवणकडं. कुणी काही चुकलं की एकच वाक्य: "गिरणीत असतंस तर हात गेलो असतो!" चहात साखर कमी पडली तरी हात जायचा.

मी लिंबाजी, मराठवाड्यातला. सातवीतून शाळा सुटली. चाळीच्या तळमजल्यावर मंडप-डेकोरेशनवाल्या शेटचं गोदाम होतं, तिथंच काम आणि तिथंच झोप. लग्नात भोंगे लावायला शिकलो होतो. त्या वर्षी शेटनं हिराबाई कोळणीच्या बोटीचं काम घेतलं: सहा भोंगे, दोन बॉक्स. आणि मला म्हणाला, "तूच लाव. वाट लावलीस तर सरळ गावची एस.टी. पकड." गावात मला परत घेईल असं कुणी उरलं नव्हतं. माझं जेवण सुटलं.

हिराबाईनं दम वेगळाच भरला. "आवाज पल्याड मढच्या बंदरान गेला पायजे, समजला ना? नायतर तुलाच भोंग्यान घालीन."

मी सगळं सामान काढून गोदामापुढं मांडलं. वरून काका बघत होते. खाली आले आणि एका पिशवीत डोकावले.

"ह्या काय?"

"मीठ आणि कोळसा. अर्थिंगसाठी. मंडपात खड्डा खणून सळई ठोकतो, तसं."

काका मटकन खाली बसले. "मेल्या, बोटीक अर्थ नाय!"

मला वाटलं, एवढं सगळं कामच निरर्थक म्हणतायत. मी रडवेला झालो. काकांना हसू आवरेना. "अरे, बॅटरीवरचा काम! खड्डो खय खणतलंस? आणि समुद्रात मीठ घालूक निघालंस? त्येका काय कमी पडला?"

दुसऱ्या दिवशी आमच्या गॅलरीत खडूची बोट अवतरली. लांबी नीट बसली, रुंदी मावेना. म्हणून उजवी बाजू शेजारच्या सावंतवहिनींच्या स्वयंपाकघरात गेली. भोंगे म्हणून पातेली, बॅटरी म्हणून काकांची ट्रंक. नळावर जायचं तर बोटीतूनच जायचं.

"काका, तुमचा भोंगा उचला, मला आमटी टाकायचीय!" वहिनी ओरडल्या.

"हलवू नकात, वायर कमी पडतली!"

मी अँप्लिफायर पुढं, माईकजवळ ठेवला होता आणि बॅटरी मागं. काकांनी तो मागं ओढला. बॅटरी ते अँप्लिफायर वायर जाड आणि आखूड. भोंगे लांब नांदले तरी चालतात. मग त्यांनी हंडा घेऊन जाणाऱ्या वहिनींना थांबवलं. "वयनी, असे आठ हंडे एकदम उचलशात?"

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"ऐकलंस, लिंबाजी? एका अँप्लिफायरवर आठ जणांचो भार नको. दोन घे, वाटून दी. आणि इंजिनाच्या ताटात भोंग्यान जेवूचा नाय. त्येची बॅटरी वेगळी."

पुनवेच्या दिवशी किनाऱ्यावर गर्दी दाटलेली. काकांना ओढूनच बोटीवर नेलं. नारळ सोडला, इंजिन डुगडुगलं, मी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. आणि वाजलं! असं वाजलं, की पायाखालच्या फळ्या थरथरल्या. शेजारच्या बोटीवाल्यांनी इंजिनाच्याच बॅटरीवर भोंगे जोडले होते. त्यांचं गाणं रेडकासारखं हंबरत बंद पडलं. मग तीही पोरं आमच्याच गाण्यावर नाचायला लागली. मढच्या काठावरून लोक फडकी हलवू लागले. हिराबाई कंबरेला पदर खोचून नाचली आणि मला म्हणाली, "झकास रं लेकरा!" शेट धक्क्यावरून दोन्ही हात वर करून उड्या मारत होता.

हिराबाईनं माईक काकांच्या हातात कोंबला. "बोल ना रं बाबा, तुजीच करनी हाय!"

दिवसभर मालवणी बडबडणाऱ्या माणसानं माईक तोंडाशी धरला. घसा खाकरला आणि गिरणीतल्या साहेबासारखं शुद्ध बोलला: "ऐका हो. या बोटीवरचा आवाज लिंबाजीनं जोडलाय. मराठवाड्याचा लिंबाजी!"

माझं नाव पाण्यावरून पार पलीकडं गेलं.

परतताना मी विचारलं, "काका, तुमचं नाव का नाही घेतलं?"

ते बोटीचा काठ चाचपत राहिले. "माजा नाव ऐकूक हयसर कोण आसा? तुजा निदान तू तरी ऐकलंस."

काका, एक दिवस तुम्हाला माझ्या गावी नेणार आहे. देवळापुढच्या लिंबावर भोंगा बांधीन, तुम्हाला पारावर बसवीन, आणि भिकाजी परब हे नाव सारं गाव दारात येईस्तोवर घेत राहीन.