पालथा रस्ता

काम चालू आहे

सुवर्णाच्या मागाच्या खोलीवरून चतुर्राज्य महामार्ग जाणार होता, आणि त्याच महामार्गाची शाल तिनंच विणून द्यावी, असा निरोप घेऊन नागेंद्र इंजिनियर दारात उभे होते.

हा महामार्ग तेलंगणातून निघायचा, कर्नाटकात शिरायचा, महाराष्ट्रात डोकावायचा, बोरगावपाशी पुन्हा कर्नाटकात यायचा आणि निपाणी, बेळगाव करत गोव्याला समुद्र बघायला जायचा. चार राज्यं त्याला कबूल होती. बेळगावच्या कडेला असलेल्या वडगावच्या शेवटच्या गल्लीतली सुवर्णा तेवढी नव्हती. तिच्या खोलीत दोन पॉवरलूम होते. भिंतीवर मोजणीवाल्यांनी लाल फुली मारली होती आणि त्या फुलीवर ती रोज न चुकता ओलं धुणं वाळत घालायची. सात अर्ज दिले होते. सातही वेळा एकच उत्तर आलं होतं : ‘पाहणी अंतिम आहे. दुसरा मार्ग उपलब्ध नाही.’

"नोड्री आक्का, बघा," नागेंद्र म्हणाले, "भूमिपूजनाला मंत्री येणार. शालीवर रस्ता पाहिजे, जरीचा. वडगावची कला म्हणून."

"माझ्या खोलीवरनं जाणारा रस्ता मीच विणू?"

"खोलीचं टेबल वेगळं, शालीचं टेबल वेगळं."

सुवर्णाचा नवरा किशन मागाच्या आडून नकाराची मान हलवत होता. सुवर्णानं होकार दिला. अट एकच घातली, शाल मंत्र्यांना ती स्वतः देणार, स्टेजवर. नागेंद्र गेल्यावर किशननं कारण विचारलं तर म्हणाली, "आपला कागद मंत्र्यापतोर जाईना झालाय. कापड तरी जाईल. त्याच्या मागनं मी जातो आणि इचारतो."

हळू चला

शालीवर गावांची नावं मराठीत घालायची की कन्नडमध्ये, यावर स्वागत समितीची बैठक तीन तास चालली. दोन्ही घाला, असं एकानं सुचवलं, तर वर कुठलं आणि खाली कुठलं, यावर आणखी एक तास. इंग्रजी म्हणताच दोन्ही बाजू पहिल्यांदाच एक झाल्या आणि नाही म्हणाल्या. समितीचे अध्यक्ष भावकूअण्णा. शहराच्या पश्चिमेला त्यांचं हजार पानं उठणारं मंगल कार्यालय होतं, त्यामुळे भांडणं मिटवायची त्यांना सवय होती. त्यांनी निकाल दिला : अक्षरच नको. गावाच्या जागी नुसते गोल बुट्टे.

मग निपाणीचा बुट्टा बेळगावापेक्षा लहान का, यावर अर्धा तास गेला.

किशननं चौकटीच्या कागदावर रस्ता काढला. वरून खाली बुट्टे, त्यांतून खाली येणारी जर. बेळगावच्या बुट्ट्याला आली की ती उजवीकडं वळायची, वडगाव घ्यायची आणि खाली गोव्याकडं जायची. आपली खोली जिथं येते तिथं पेन्सिल जरा अडखळली. मग त्यानं नक्षी उठवणाऱ्या जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडली आणि माग सुरू केला.

पुढे धोकादायक वळण आहे

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आठला शाल मागावरून कापली, उलटून खाटेवर पसरली. सुवर्णानं जरीवरून बोट फिरवत नेलं आणि बेळगावच्या बुट्ट्याखाली थांबवलं.

"अवो, आपलं वडगाव कुठल्या अंगाला?"

"उजव्या."

"मग ह्यो रस्ता डाव्या अंगाला कुणाकडं जेवायला चाललाय?"

किशननं चौकटीचा कागद शालीशेजारी धरला. मागावर कापड पालथं विणतात, सुलटी बाजू जमिनीकडं. कागदावर जे उजवं, ते शालीवर डावं. तीस वर्षं त्यानं मोर विणले होते. मोर इकडं बघतो की तिकडं, यावरून एकाही गिऱ्हाइकानं साडी परत केली नव्हती. रस्त्याचं तसं नसतं, हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

"सांगून टाकू या, चुकलं म्हणून."

"सात अर्ज बरोबर लिवून दिलं, कुणी वाचलं न्हाय," सुवर्णा शालीची घडी घालत म्हणाली. "आता चुकलंय, तर बघतील."

थांबा

मैदान भरलं होतं. स्टेजवर मंत्र्यांसमोर सुवर्णा आणि किशननं फोटोवाल्यांसाठी शाल टोकाला धरून उलगडली. टाळ्या पडल्या. सुवर्णानं पाठ केलेला प्रश्न विचारायला तोंड उघडलं. पण माईक भावकूअण्णांच्या हातात होता आणि त्यांची नजर शालीवर गेली होती.

"ह्यो न्हवं रं नागेंद्र," भावकूअण्णा शेजारी वाकून हळूच म्हणाले. माईकही त्यांच्याबरोबर वाकला. "ही डावीकडची लाईन आपण मार्चातच रद्द करून घेतली की. माझं कार्यालय जात हुतं न्हवं त्यात."

चार कोपऱ्यांतल्या चार कर्ण्यांनी ते मैदानभर सांगितलं. मंडपामागं भात हलवणाऱ्या आचाऱ्याचा झारा थांबला.

सुवर्णानं पाठ केलेला प्रश्न सोडून दिला. कमरेची पिशवी उघडून सातवं उत्तर काढलं आणि मंत्र्यांसमोर धरलं.

"हितं लिवलंय, दुसरा मार्ग उपलब्ध न्हाय. अण्णा म्हणत्यात, हुता. दोघांतलं खरं कोण, साहेब?"

भावकूअण्णांनी माईक बंद केला. बंद केल्याचा खट्ट आवाजसुद्धा सगळ्यांना ऐकू आला. मंत्र्यांनी आधी घड्याळ बघितलं, मग गर्दी बघितली. गर्दी घड्याळापेक्षा मोठी होती. फेरपाहणी होईल, असं ते म्हणाले, आणि पूजेचा नारळ न फुटताच पिशवीत परत गेला.

पर्यायी मार्ग

दीड महिन्यानं नागेंद्र पुन्हा आले. आता दोन्ही बाजूंनी मोजणी चालली होती. भावकूअण्णांनी आयुष्यातला पहिला अर्ज दिला होता आणि त्यांना ‘पाहणी चालू आहे’ असं उत्तर आलं होतं. नागेंद्रांनी चहा घेतला, दार लोटलं आणि आवाज खाली आणला. रद्द झालेली लाईन बाहेर कुणी फोडली, म्हणून ऑफिसात तिघांची चौकशी लागली होती.

"खरं सांगा आक्का. तुम्हाला कुणी सांगितलं?"

किशन सांगायला पुढं सरकला.

"मोरानं," सुवर्णा म्हणाली.

नागेंद्रांनी हे लिहून घेतलं नाही. त्यांनी खिशातून नवी ऑर्डर काढली. भूमिपूजन पुन्हा होणार, शाल पुन्हा हवी. "पण ह्या वेळी रस्ता बरोबर विणा."

"विणतो की. आधी कुठली बाजू बरोबर, त्ये सही-शिक्क्यासकट लिवून आणा."

नागेंद्रांनी कप खाली ठेवला, लाल फुलीवरच्या ओल्या धुण्याखालून वाकून ते बाहेर पडले, ते अजून आलेले नाहीत. तोवर दोन्ही मागांवर मोर चालू आहेत. सगळे डावीकडं बघतात. आता मुद्दाम.