वादळाच्या भरवशावर

हवामान खात्यातल्या साहेबांनो, एका रंगाऱ्याचा घात तुम्ही केलात. पंख्याखाली बसून 'महाभयंकर वादळ, आठवडाभर घराबाहेर पडू नका' असं ठोकून दिलंत, आणि तो भला माणूस तुमच्यावर विसंबून बसला.

विसंबण्यासारखं वादळ होतंही. सकाळपासून पाऊस तावदानं बडवत होता. ठेकेदारानं काम बंद ठेवलं होतं. आठवडाभर नुसतं लोळायचं, या विचारानंच रंगारी सुखावला होता. तेवढ्यात वरून सुटलेला रंगाचा पोपडा थेट त्याच्या चहात पडला.

"बघा!" बायको कडाडली. "लोकांच्या भिंती आरशासारख्या करता आणि इथं माझ्या पातेल्यात भिंत पडते. लग्न होऊन आले तेव्हाचा रंग आहे हा!"

"अगं, मला काय हौस नाही? पण ओल्या भिंतीला रंग धरतो का? ऊन पडू दे, तिथल्या तिथं ब्रश घेतो. आईशप्पथ!"

आई कोपऱ्यात बसलीच होती. "माझी शपथ खातोस, तर माझी खोलीही धर."

बाहेर वीज कोसळली. रंगाऱ्याला धीर आला. "धरली!"

पाऊस चढत गेला तसा तो उदार होत गेला. रंगवायच्या यादीत स्वयंपाकघराला छत जोडलं, छताला दारं-खिडक्या जोडल्या. वरच्या मजल्यावरच्या वहिनी गळती पुसायला फडकं मागायला आल्या आणि सहज म्हणाल्या, "भाऊजी, आमचा जिना तेवढा जमला तर..."

गारा तडतडत होत्या. "जिना कसला, वहिनी? अख्खा मजला करून देतो! फक्त ऊन पडू दे."

मग जेवून जो आडवा झाला, तो डोळ्यांवर ऊन आलं तेव्हा जागा झाला. आभाळ कुणीतरी घासूनपुसून ठेवल्यासारखं निळं होतं. छपरांतून वाफा निघत होत्या.

"फसवं ऊन आहे," तो चाचरत म्हणाला. "तो बघ, केवढा काळा ढग!"

"ती समोरच्यांची ताडपत्री आहे." बायकोनं कपाट केव्हाच भिंतीपासून ओढलं होतं.

"भिंत अजून ओली आहे गं."

"मग पोपडे खरवडा. ओले लवकर निघतात, असं गिऱ्हाइकांना तुम्हीच सांगता."

रंगाऱ्यानं ठेकेदाराला फोन लावला. "शेठ, लख्ख ऊन पडलंय. कामावर निघतो!"

"डोकं फिरलंय का? खात्याचा इशारा कायम आहे. घरी बस."

"बसू कोण देतंय?" असं तो म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता. तेव्हा त्यानं फोनवर थेट हवामान खात्यालाच गाठलं.

"साहेब, इशारा मागे घ्या. ऊन पडलंय!"

"तशी नोंद आमच्याकडे नाही. वादळ चालू आहे. घरातच थांबा."

आई गाठोडं बांधून खोलीबाहेर आली होती. वहिनी जिन्यात उभ्या होत्या. "काय म्हणतात, भाऊजी?"

"वादळ चालू आहे म्हणतात."

"बरंच झालं," बायको म्हणाली. "म्हणजे कुठं पळता यायचं नाही." आणि तिनं खरवडणी त्याच्या हातात दिली.

रंगारी फोनवर ओरडला, "साहेब, ठेवू नका! वादळ चालू आहे ना? मग हे ऊन कुणाच्या हुकमानं पडलंय, तेवढं सांगा!"