‘द’चा ‘स’

नवं मध्य प्रदेश राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि उज्जैनच्या एका कचेरीत नव्या साहेबांनी फर्मान काढलं, प्रत्येकाच्या टेबलावर नावाची पाटी हवी. देवास गेटचा पेंटर पाट्या रंगवून घेऊन आला. श्रीपाद जासूद या जुन्या कारकुनाने आपली पाटी पाहिली आणि कपाळावर हात मारला. पाटीवर होतं, ‘श्रीपाद जासूस’!

“अरे भैया, ये क्या किया? जासूद! द, दवात का!”

“परचे में गलती थी, बाबूजी. मैंने सुधार दी,” पेंटर ऐटीत म्हणाला. “अब बदलना हो तो अगले महीने. बहुत काम है.”

झालं! तेव्हा कुणाची बदली थेट बस्तरला होईल याचा नेम नव्हता. त्यात भोपाळने प्रत्येक कचेरीत एक खबऱ्या पेरलाय, अशी आवई उठलेली.

“पण खबऱ्या स्वतःची पाटी लावेल होय?” कुणीतरी शंका काढली.

“तीच तर चालाकी आहे!” पलीकडच्या टेबलावरचा मधुकर म्हणाला. “कुणाला शक येऊ नये म्हणून!”

श्रीपादराव समजवायला गेले. “अरे, माझे पणजोबा शिंदे सरकारचे जासूद. जासूद म्हणजे निरोप्या. इकडचा कागद तिकडे पोचवायचा.”

“म्हणजे खबर पोचवायचे?” शेजारच्या टेबलावरच्या विष्णूने विचारलं.

“खबरच म्हण, पण...”

“म्हणजे खानदानी काम आहे!”

त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला की भोवतालचे डबे मिटायचे. बायको, सुमनताई, गेल्यापासून घरात बोलायला भिंतीच होत्या. माणसांचा म्हणून एवढा अर्धा तास होता, तोही गेला. फार एकटं वाटायचं बिचाऱ्यांना.

अन् एका संध्याकाळी मधुकर जिलबी घेऊन दारात! “काका, इथून जात होतो, म्हटलं भेटावं.” चहा अर्धा झाल्यावर तो हळूच म्हणाला, “साहेबांबद्दल मी काही बोलत नाही हं. बोलतो तो विष्णू.”

दुसऱ्या दिवशी विष्णू आला, शेव घेऊन. त्याने मधुकरची उणीदुणी काढली.

“अरे बाबा, मी खबऱ्या नाही रे!”

“नाहीच मुळी! मी पण सगळ्यांना हेच सांगतो,” म्हणत विष्णूने डोळा मारला.

मग काय, कुणी ना कुणी रोज येऊ लागलं. श्रीपादराव सगळ्यांचं ऐकत, बोलत कुणापाशीच नसत. सांगणार तरी कुणाला? सुमनताईंच्या फुलांच्या कपबश्या फळीवरून खाली आल्या. पोहे पुन्हा कढईभर होऊ लागले.

महिन्याने पेंटर कचेरीत हजर. “माफ करना बाबूजी, मेरी ही गलती थी. अभी ठीक किए देता हूँ. मुफ़्त में!” त्याने ब्रश रंगात बुडवला.

तेवढ्यात मधुकरने पलीकडून खुणेनेच विचारलं, संध्याकाळी घरी आहात ना?

“रुको, भैया!” श्रीपादरावांनी पाटीवर हात ठेवला. मग घसा खाकरून हळूच म्हणाले, “वो ‘स’ ज़रा मोटा कर दो. दूर से ठीक दिखता नहीं.”