दस्तगीरभाईंची बिनफ्यूजची नळी

दस्तगीरभाईंना चहा द्या. एक घोट घेतील, कप खाली ठेवतील आणि म्हणतील, "ताई, आधी दोष सांगतो." मग साखर जास्त, आलं वाळलेलं, कपाचा कान उडालेला, हे सगळं यथासांग सांगून झालं की दुसरा घोट. "आता गुण. गरम आहे."

माझं भोरमध्ये झेरॉक्सचं आणि सरकारी फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. शेजारचा गाळा दस्तगीरभाईंचा. पंपाच्या, पंख्याच्या जळालेल्या मोटारी ते पुन्हा भरून देतात. आतली करपलेली तांब्याची तार उपसून काढायची आणि नवी तार वेढा मोजत भरायची, हे त्यांचं काम. पंख्याची तार तर केसाएवढी बारीक असते. पासष्टी उलटली तरी त्यांचा हात कधी चुकलेला मी पाहिला नाही. तोंड मात्र नको तिथे सुटतं.

माझ्या पुतणीला बघायला कामथडीची मंडळी आली होती. शेजारी म्हणून दस्तगीरभाईंना बोलावण्याची दुर्बुद्धी मलाच झाली. पोहे खाता खाता मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, "तुम्ही लहानपणापासून बघताय, कशी आहे मुलगी?" भाईंनी ताटली खाली ठेवली. मी डोळ्यांनी खुणावतेय, पायानं ढोसतेय, पण ऐकतील तर शपथ. "आधी दोष सांगतो. झोपेत घोरते. दुपारी ताईंच्या दुकानात डुलकी काढते, भिंतीतून मला ऐकू येतं." लग्न जमलं ही पुतणीची पुण्याई. मुलाची आई म्हणाली, शेजाऱ्याला एवढाच दोष सापडला म्हणजे पोरगी चांगलीच असणार. पण मी पुढे चार महिने त्यांना चहा दिला नाही.

आमच्या रांगेतला शिंपी गेला तेव्हा तर कहरच झाला. मयताला जमलेल्या माणसांत हे उभे राहिले आणि म्हणाले, "आधी दोष सांगतो. गिऱ्हाइकाचं कापड मागे ठेवायचा." त्याची बायको रडता रडता थांबली. मग भाई म्हणाले, "गुण असा की फाटकं शिवून द्यायला कधी नाही म्हणाला नाही," आणि स्वतःच रडायला लागले. अशा माणसाला काय बोलणार?

पण हा माणूस पूर्वी असा नव्हता. पूर्वी त्यांना वस्तूत दोष दिसायचेच नाहीत. ते बदललं एका पितळी नळीपायी.

पानशेतला धरणाच्या काठी पुण्याच्या एका साहेबांचा बंगला आहे. भाई त्यांची मोटार बसवायला गेले तेव्हा साहेबांच्या टेबलावर ही नळी पडली होती. विडी-सिगारेटऐवजी वाफ ओढायची नळी. असल्या वस्तू विकायला आपल्याकडे बंदी आहे, पण बंदी बंगल्यापर्यंत पोचायला जरा वेळ लागतो. साहेबांनी पडद्यावर आकडे दिसणारी नवी नळी घेतली होती आणि ही बंद पडली म्हणून टाकून दिली होती. भाईंनी उघडून पाहिली. "साहेब, बंद नाही पडली. आटे घाण झालेत." तिथंच चिंच मागून आटे घासले, वरच्या वाटीत नवी तार वेढून बसवली, बटण दाबलं, वाफ निघाली. साहेब म्हणाले, घेऊन जा.

त्याच महिन्यात डॉक्टरांनी भाईंना सांगितलं होतं की विडी सोडा नाहीतर मला सोडा. त्यांचा खोकला सुरू झाला की माझ्या दुकानातला माणूस कागद घेऊन बाहेर पळायचा. तेव्हा नळी अगदी वेळेवर आली. आणि कौतुक तरी किती. दिवसातून दहा वेळा उघडून दाखवायचे. "बघा ताई. ना सर्किट, ना वायर, ना पडदा. एक सेल, खाली बटण, वर तारेची गुंडाळी. बिघडायला आत काही नाहीच." एकदा हातातून फरशीवर पडली तर फरशीचा टवका उडाला. पाण्यात पडली, पुसली, पुन्हा चालू. "साहेबांची ती पडद्याची नळी दोन वर्षांत भंगारात जाईल. ही माझ्या मागं राहील."

मी फॉर्म भरणारी बाई, मोकळा रकाना दिसला की विचारते. मी विचारलं, "फ्यूज कुठंय?" कारण हेच भाई शेतकऱ्यांवर ओरडायचे. फ्यूज उडाला की आपली माणसं त्या जागी जाडी तार घालतात आणि मोटार जाळून बसतात. भाईंनी मला नळीच्या बुडाचं बारीक कडं दाखवलं. ते चिमटीत धरून फिरवलं की बटण अडकतं, कितीही दाबा, दाबत नाही. खिशात ठेवताना ते फिरवायचंच. बटण दाबलेलं राहिलं तर आतला सेल तापत जातो, त्याला थांबवणारं आत काही नाही. "फ्यूज म्हणजे हे कडं," भाई म्हणाले, "आणि वापरणाऱ्याची अक्कल."

आता किसनआबांचं सांगायला हवं. किसनआबा गुंजवण्याचे, राजगडाच्या पायथ्याचे. थोडी भातशेती, एक म्हैस, बायको केव्हाच गेलेली. तीस वर्षांपूर्वी जळकी मोटार घेऊन आले आणि भाईंचे दोस्त झाले. दर मंगळवारी बाजाराला एसटीनं भोरला यायचे आणि भाईंच्या गाळ्यात पालथ्या घातलेल्या मोटारीच्या रिकाम्या कवचावर बसायचे. संधिवातानं त्यांच्या दोन्ही हातांची बोटं वाकडी झाली होती. काडी ओढता यायची नाही, शर्टाचं बटण लावता यायचं नाही. भाई एका काडीत दोन विड्या पेटवायचे, एक स्वतःच्या तोंडात आणि एक आबांच्या. मग दोघं मिळून खोकायचे. बोलणं असं फारसं नसायचंच.

नळी आली त्या मंगळवारी आबा विडी ओठात धरून बसले. भाईंच्या खिशात काडेपेटीच नव्हती. आबांनी बराच वेळ वाट पाहिली. मग म्हणाले, "दस्तगीर, तुज्या या पुंगीवर माजी विडी पेटंल का रं?"

"न्हाई पेटत."

आबांनी विडी कानावर ठेवली आणि नेहमीच्या आधीची एसटी पकडून गेले. मला तेव्हा हसू आलं होतं.

दोन-तीन मंगळवार गेल्यावर भाईंनी आठ दिवस दुसरं काम हातात धरलं नाही. लेथवाल्याकडे बसून पितळेची दुसरी नळी कातून घेतली, हुबेहूब पहिलीसारखी. मी हातात घेऊन पाहिली. बुडाशी कडं नव्हतं.

"त्याला फिरत नाही," भाई म्हणाले. "माझ्या नळीवर दोन मंगळवार शिकवलं. चिमूटच होत नाही त्याची. रडकुंडीला आला. ही बघा, नुसतं एक बोट टेकवायचं."

"पण कडं कशाला असतं हे सांगितलंत का त्यांना?"

"कशाला भ्या घालू? भ्याला तर विडीच ओढत बसंल. फुप्फुस माझ्यापेक्षा त्याचं वाईट आहे ताई."

समोर उताऱ्यांच्या प्रतींसाठी रांग होती. मी बरं म्हणाले आणि मशीनकडे वळले. दोष सांगायचा तर माझाही सांगते, तो हा.

आबांना नळी फार आवडली. वाकड्या बोटाच्या पेरानं दाबायचे आणि म्हणायचे, "लई ग्वाड हाय. सोताची सोता पेटती." तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना कुणाच्या काडीची गरज उरली नव्हती. दोन महिने ती नळी त्यांच्या कोपरीच्या आतल्या खिशात, छातीशी राहिली.

मग एकदा वेल्ह्याहून गावाकडे येताना जीप खचाखच भरलेली होती आणि आबांच्या मांडीवर कुणीतरी खताचं पोतं ठेवलं. पोतं खिशावर टेकलं. बटण दाबलं गेलं आणि दाबलेलंच राहिलं. छातीत जळजळतंय म्हणून आबांना वाटलं, आपल्याला झटका आला. ते देवाचं नाव घेत बसून राहिले. कळलं तेव्हा त्यांनी नळी काढायला हात घातला, पण बोटांना ती धरता येईना. लोकांनी कोपरी फाडून काढेपर्यंत सेल फुटला होता.

दीड महिना पुण्याच्या दवाखान्यात होते. जगले. छातीची कातडी गेली, उजव्या हाताची तीन बोटं गेली. म्हैस विकली, शेत दुसऱ्यानं कसायला घेतलं. भाईंनी आपली नळी कडं फिरवून गाळ्यातल्या खिळ्याला टांगली ती पुन्हा काढली नाही. विडीही नाही. आणि त्याच आठवड्यात मी चहा दिला तर म्हणाले, "ताई, आधी दोष सांगतो."

लोक हसायचे, मीही हसत होते. जगातल्या सगळ्या वस्तूंचे दोष हा माणूस सांगत सुटला होता. एक सोडून. दर मंगळवारी बाजार आता भाई गुंजवण्याला घेऊन जायचे, आबांना दाढी करून द्यायचे, जेवू घालायचे आणि न बोलता परत यायचे.

यंदा थंडीत आबांचा अपंगत्वाचा फॉर्म भरायचा निघाला. ते येऊ शकत नव्हते म्हणून मी भाईंबरोबर गुंजवण्याला गेले. आबा अंगणात उन्हाला बसले होते, अंगात शर्ट होता पण पुढून सगळा उघडा. छातीकडे मला बघवेना म्हणून मी फॉर्मकडे बघत एकेक विचारत गेले. नाव, वय, गाव. मग रकाना आला, इजेचं कारण.

"लिवा, माज्या चुकीनं," आबा म्हणाले. त्यांनी मागच्या कोनाड्यातून फडक्यात बांधलेलं काहीतरी डाव्या हातानं ओढलं. फाटलेली नळी होती. "दस्तगीरनं आठ दिस खपून केलीवती. म्या अडाणी, मला वापराय आली न्हाई. येवढी चांगली वस्तू खराब केली." मग भाईंना म्हणाले, "तू रागावलायस ते मला कळतंय रं. म्हून तू बोलत न्हाईस."

मी रकान्यावर पेन टेकवलं. 

"ताई, लिहू नका," भाई म्हणाले. "किसन, आधी दोष सांगतो."

आणि सांगितला. कडं कशाला असतं ते, ते आपण काढलं ते, सेल फुटू शकतो हे माहीत असून सांगितलं नाही ते. "तुझी काही चूक नव्हती. माझी होती. शेतकऱ्यांना शिव्या घालतो फ्यूजवरनं, आणि तुला बिनफ्यूजची दिली." सांगताना त्यांनी आबांकडे पाहिलं नाही.

  फाटकी नळी आबांनी उलटी केली आणि तिच्या बुडावरून, जिथे कडं असायला हवं होतं तिथून, डाव्या हाताचं पेर फिरवलं. त्यांचा चेहरा कठोर झाला होता. असा मी तो कधी पाहिला नव्हता.

"बरं," शेवटी ते म्हणाले. "दोष झाला. आता गुण सांग."

भाई नळीचं फडकं झटकायला लागले. 

"सांग की."

"तुला एका बोटानं चालवता येत होती."

"व्हय," आबा म्हणाले. "येत व्हती."

त्यांनी नळी फडक्यात पुन्हा बांधायचा प्रयत्न केला. गाठ बसेना म्हणून तशीच बाजूला ठेवली.

"ताई, तुमी लिवा काय लिवायचं ते. आन् तू हिकडं ये. बटनं लाव. कवाधरनं गार वारा लागतोय, कुनाला सांगू?"

भाई त्यांच्यासमोर उकिडवे बसले. केसाएवढी तार न तुटता भरणारे त्यांचे हात. पहिलं बटण वरच्या काजात गेलं. काढलं, पुन्हा लावलं. दुसऱ्यालाही हात चुकला. आबा मान वर करून, घाई न करता, बसून राहिले.