कुमारिकेचं पान

नागपुरात मनीषनगरातल्या त्या घरी महालक्ष्म्यांच्या जेवणाचा एक नियम होता. पानावर बसलेल्या पाहुण्याचा शब्द मोडायचा नाही. सुभद्राबाईंच्या सासूबाईंनी तो घालून दिला तेव्हा पाहुणे फार तर आणखी एक पुरणपोळी मागत. मेडिकलच्या प्रवेशाचा अर्ज तेव्हा कोणी जेवताना भरत नसे.

यंदा मात्र जेवणाचा दिवस आणि त्यांच्या नातीच्या, भैरवीच्या अर्जाचा शेवटचा दिवस एकच आला. कॉलेजांचा पसंतीक्रम संध्याकाळी सहापर्यंत पक्का करायचा होता. भैरवीला नागपूरच हवं होतं, आणि गुण असे काठावरचे की मिळालं तर मिळालं. पहिल्या ओळीत जे लिहिलं ते मिळालं तर तेच घ्यायचं, पुढच्या फेरीत बदल नाही. म्हणजे सगळं त्या पहिल्या ओळीवर येऊन थांबलं होतं.

भैरवीच्या वडिलांनी, अनंतने, यावर एक तोड काढली. "सल्ला घ्यावा तर जाणत्याचा," तो बायकोला म्हणाला. "अन् जाणता माणूस नुसता बोलावला तर येत नाही. जेवायले बोलावला तर येते." त्याने रामदासपेठेतल्या डॉक्टर मधुकररावांना बोलावलं. बहिणीचे यजमान गणपतराव यांना सावनेरहून बोलावलं, कारण त्यांचा रोहित मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होता. कोचिंग क्लासमधल्या श्वेता मॅडम सवाष्ण म्हणून आल्या. कुमारिकेला सांगायचं काम तेवढं बायकोकडे, चारुशीलाकडे राहिलं. वरच्या मजल्यावरची सात वर्षांची नूपुर दरवर्षी येत असे, आणि ती जेवून उठेपर्यंत चारुशीला तोंडात दाणा घालत नसे. तिचा तो नेमच होता.

चारुशीलाला सल्ला कोणी विचारला नाही, आणि तिनेही दिला नाही. प्रवेशाची माहितीपुस्तिका मात्र तिने वाचली होती. पोथी आटोपली की रोज दोन पानं, नेमाने. एकवीस दिवसांत पारायण पूर्ण. घरात ते पुस्तक वाचणाऱ्या दोघीच, ती आणि भैरवी.

दीड वाजता पंगत बसली. देवीजवळ कुमारिकेचं पान मांडलेलं होतं, पण नूपुर दिसत नव्हती. तुम्ही सुरू करा, असं म्हणून चारुशीला आंबील वाढू लागली. भैरवी मांडीवर लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसली. बापाने तिला तसं बजावूनच ठेवलं होतं.

डॉक्टरसाहेबांनी पहिल्या घासालाच सध्या डीन कोण आहेत ते विचारलं. त्यांना स्वतःला एकोणऐंशी साली साध्या कागदावर अर्ज करून आणि मामाची चिठ्ठी जोडून प्रवेश मिळाला होता. "यवतमाळ टाका एक नंबरवर," ते म्हणाले. "शांत गाव आहे. माझं लग्न तिथंच जमलं." अनंतने खूण केली. भैरवीने यवतमाळ वर नेलं.

"काहून गा अनंता, हातची सीट घालवतं का?" गणपतराव म्हणाले. "जे हमखास भेटते ते पहिले लिहा लागते. गोंदिया टाक. नागपूर पहिलं लिहिलं अन् नाही भेटलं, तर खालचे सारेच जातात."

"रोहितनं सांगितलं का?"

"रोहित फोन नाही उचलत."

गोंदिया वर गेलं. श्वेता मॅडमचं मत चंद्रपूरकडे होतं. त्यांच्या क्लासच्या तीन मुली तिथे एका खोलीत राहत होत्या आणि चौथा पलंग रिकामा होता. अनंतने चाचरत नागपूरचं नाव काढून पाहिलं, तेव्हा सुभद्राबाई म्हणाल्या, "पानावरचा शब्द आहे तो."

पण एका यादीत तीन पहिले क्रमांक बसत नाहीत. भाजी वाढून झाली की डॉक्टरसाहेब विचारत, यवतमाळ वरच आहे ना? ते ऐकून गणपतरावांना गोंदियाची आठवण होई. गोंदिया वर गेलं की मॅडम पलंगाचं काढत. कढी येईपर्यंत पहिली ओळ सात वेळा बदलली आणि नागपूर चौथ्या ओळीत जाऊन पडलं. भैरवीचे डोळे भरून आले. चारुशीलाने ते पाहिलं आणि डॉक्टरसाहेबांना भात हवा का ते विचारलं.

दहीभातापाशी सुभद्राबाईंचं लक्ष रिकाम्या पानाकडे गेलं. पंगत उठायला आली आणि कुमारिकेचं पान कोरडं, असं त्या घरात कधी झालं नव्हतं.

"आता कोणाची वाट पाहाची? भैरवी, तू बस. लग्न व्हायचं आहे नं तुझं? मंग तूच कुमारिका."

भैरवी लॅपटॉप ठेवून पानावर बसली. सुभद्राबाईंनी तिचे पाय धुतले, कुंकू लावलं आणि दरवर्षीप्रमाणे विचारलं, "काय पाहिजे माय तुले?"

"नागपूर," भैरवी म्हणाली. "मंग यवतमाळ, मंग चंद्रपूर, मंग गोंदिया. मले आवडते तसं. वरचं नाही भेटलं तर खालचं जात नाही आजी, पुस्तकात लिहिलं आहे."

पुस्तकात काहीही लिहितात, असं गणपतराव म्हणाले.

"जावईबापू," सुभद्राबाई म्हणाल्या, "पाहुण्याचा शब्द मी मोडत नाही. अन् ही तर आता देवी आहे."

अनंतने मोबाईलवर आलेला ओटीपी उभं राहून वाचून दाखवला. पावणेतीनला अर्ज पक्का झाला. डॉक्टरसाहेबांनी आणखी एक पोळी मागितली.

पाहुणे गेले, भांडी झाली. तू जेव आता, असं सुभद्राबाईंनी सुनेला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा ती "जेवते, आई" म्हणाली आणि दुसऱ्या कामाला लागली.

साडेसहाला बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरची करिष्मा, आणि नवा फ्रॉक घातलेली नूपुर.

"उशीर नाही नं झाला, काकू?" करिष्मा म्हणाली. "तुम्ही साडेसहाच म्हटलं होतं."

सुभद्राबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग बराच वेळ सुनेकडे.

"भैरवी बसली होती नं वं पानावर? मंग तू काहून उपाशी आहे?"

"ती घरची, आई," चारुशीला हळूच म्हणाली. "कुमारिका बोलावलेली लागते."

सुभद्राबाई उठल्या. त्यांनी स्वतःच्या हाताने पान मांडलं, नूपुरचे पाय धुतले, कुंकू लावलं आणि काय पाहिजे ते विचारलं.

"नूडल्स," नूपुर म्हणाली.

अनंत हसला. दुसरं कोणी हसलं नाही. त्याने आईकडे पाहिलं. आई देवीकडे पाहत होती. त्याने स्कूटरची किल्ली घेतली.

"जरा लवकर या," स्वयंपाकघरातून चारुशीला म्हणाली. "सकाळपासून उपाशी आहो मी."