सुमनचा ड्रम

आमच्या द्वारकामावशी स्वतःच्याच आवाजाशी भांडतात. भर रस्त्यात, समोरून वरात चाललेली असताना, डीजेच्या भिंतीपुढं उभं राहून. भिंतीतून त्यांचा आवाज येतो, "ए, पाइप इकडं आण!" आणि खाली उभ्या मावशी त्या आवाजाला उत्तर देतात, "अगं, आणतोय ना तो! खामखा कशाला बोंबलतीस?"

मुकुंदवाडीत माझ्या घराला लागूनच त्यांचं फॉल-पिकोचं दुकान. वय साठीच्या पुढं, घरात एकट्याच. ही बाई एका जागी स्वस्थ बसलेली मी पाहिली नाही. मशीनवर नसल्या तरी पाय चालूच. तुमच्या कपड्याचं बटण सैल दिसलं, तर बोलता बोलता ते तोडून तुमच्याच हातात देतात. "माझं म्हणणं काय आहे" अशी सुरुवात, आणि ते म्हणणं संपायच्या आत दुसरं म्हणणं सुरू.

मावशींच्या आवाजाचं हे गाणं झालं ते दुष्काळात. नळ कोरडे, टँकरचा नेम नाही. शहर मात्र सुटल्यासारखं वाढत होतं. आमच्यामागं ज्वारीचं रान होतं तिथं इमारती उभ्या राहिल्या, आणि टँकर आधी तिकडं वळायला लागला. एका दुपारी मावशी सरळ चाकापुढं जाऊन उभ्या राहिल्या. "ए, पाइप इकडं आण! सुमनचा ड्रम भर! आधी सुमनचा ड्रम, मग बाकीचं!"

गल्लीतल्या डीजेवाल्या इरफानभाईंनी हे मोबाइलवर टिपलं. त्याला बीट लावले, मधे दुष्काळावर स्वतःच रॅप केला. त्या लग्नसराईत 'सुमनचा ड्रम'शिवाय वरात हलेना. वैजापूरपासून अजिंठ्यापर्यंत लोक घामाघूम होऊन नाचले. नाचणाऱ्यांना वाटायचं, ड्रम म्हणजे वाजवायचा.

सुमन कोण, हे गल्लीला ठाऊक होतं. मावशींच्या पलीकडच्या घरातल्या सुमनताई. दोघींचं बोलणं बंद होतं, हेही ठाऊक होतं. मावशींनी शिवलेला ब्लाउज काखेत दाटतो, असं सुमनताई हळदीकुंकवात चारचौघींपुढं बोलल्या, तेव्हापासून. मग त्यांच्याच ड्रमासाठी एवढा आकांत का? मी विचारलं, तर मावशी म्हणाल्या, "तोंडाला आलं ते नाव घेतलं. त्यात काय!"

गाणं गाजलं त्याच वर्षी सुमनताई मुलाच्या कंपनीजवळ, शेंद्र्याला राहायला गेल्या. निघताना घरोघरी भेटून गेल्या. मावशींकडं तेवढ्या आल्या नाहीत.

बरीच वर्षं गेली. गेल्या महिन्यात इरफानभाई दुकानात आले ते नाचतच. "मावशी, अपना गाना पुने तक गया!" पुण्याच्या एका मुलीनं ते गाणं नव्यानं गायलं होतं. गिटार, संथ चाल, डोळे मिटलेले. मावशी कान देऊन ऐकत होत्या. आणि ती मुलगी गायली, 'मनाचा ड्रम भर...'

"मनाचा?" मावशी उठल्याच. "सुमन कुठं गेली? आन् मनाला तोटी असती व्हय?"

दोन दिवस त्यांनी कुणालाही चैन पडू दिलं नाही. गिऱ्हाइकाला हिरव्या साडीला लाल फॉल लावून दिला. शेवटी इरफानभाईंनी त्या मुलीचा नंबर मिळवला आणि मी फोन लावून दिला.

मुलगी गोड होती. "काकू, सुमन कोण हे ऐकणाऱ्यांना कळत नाही ना. मन काय, सगळ्यांनाच असतं."

"मन सगळ्यांना असतं, बाई. टाके सुमनला पडले होते." मावशींचा आवाज चढला. "पोटाचं ऑपरेशन झालेलं तिचं. पोरगा ड्युटीला. ड्रम वढत दारात आली आन् तिथंच खाली बसली. मी बोलत नव्हते तिच्याशी, पण दिसत तर होतं ना मला!"

हे मीही पहिल्यांदाच ऐकत होते.

पलीकडून ती मुलगी हळूच म्हणाली, "त्यांना आवडतं का हे गाणं?"

मावशींनी फोन माझ्या हातात दिला आणि कात्रीची नुसतीच उघडझाप करत राहिल्या.

"लोकं तिच्या नावावर दारू पिऊन नाचली गं," त्या म्हणाल्या. "तिला काय वाटलं असंल? त्याच्यामुळंच गेली असंल ती. तिच्याइतकं मन लावून माझ्याशी कोणी भांडलंच नाय बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळीच इस्त्रीची साडी नेसून माझ्या दारात हजर. "स्कूटी काढ. शेंद्र्याला जायचंय."

जालना रोडभर त्यांचा हात माझ्या खांद्यावर चाप लावल्यासारखा.

सुमनताईंनी दार उघडलं. केस पार पांढरे झालेले. मावशी उंबऱ्याबाहेरच उभ्या.

"किती वर्षं लावलीस गं!" सुमनताई म्हणाल्या. मग मावशींचं मनगट धरून आत न नेता त्यांनी समोरच्याच दाराची बेल दाबली. "वहिनी, बाहेर या! गाण्यातली सुमन मीच म्हणलं, तर हसता ना रोज? ही बघा. मला उभं राहवत नव्हतं, तवा ही टँकरपुढं उभी राहिली!"

मग वरचा मजला. मग त्याच्या वरचा. दारादारात तीच हकिकत, दर वेळी टँकर थोडा मोठा होत गेलेला. मावशी मान खाली घालून मागं मागं चालत होत्या, शाळेत पहिला दिवस असावा तशा.

तिसऱ्या मजल्यावर एका सुनेनं विचारलं, "पण आजी, या तुमच्या कोण?"

सुमनताई अडल्या. मावशींकडं बघत राहिल्या.

शेंद्र्याला आल्यापासून मावशी पहिल्यांदा बोलल्या त्या तेव्हा. अगदी हळू.

"शेजारीण," त्या म्हणाल्या.