इंगोलेकाकांची काच

आमच्या समोरच्या ओळीत राहणाऱ्या इंगोलेकाकांच्या खिशात पेन नसतो, कापूस असतो. सरकी काढलेला, स्वच्छ, चिमूटभर. पुसलेली वस्तू दिसली की काका तो पुंजका तिच्यावरून ओढतात आणि डोळे बारीक करून बघतात. एक जरी तंतू मागे राहिला तर निकाल ठरलेला, "अजून धरून राह्यला." माझ्या फ्रिजवर, बायकोनं घासलेल्या ओट्यावर आणि एकदा माझ्या दाढी केलेल्या गालावर हा प्रयोग झालेला आहे. गाल नापास झाला.

काका हिंगणघाटच्या एका जिनिंग कारखान्यात कापसाची प्रत ठरवायचे. चिमटीत तंतू ओढायचा आणि प्रत सांगायची, यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर त्यांनी वर्ध्याजवळ पिपरी मेघेत घर बांधलं. समोरचं घर मूनकाकांचं. दोघं एकाच जिनिंगमधले, प्लॉटही ठरवून समोरासमोर घेतलेले. मग एका लग्नात जेवता जेवता मूनकाका चार माणसांत सहज म्हणाले, की इंगोल्याच्या बोटाले एकदा ओला कापूस कळला नव्हता. झालं. काकांनी बोलणं टाकलं आणि त्याचं तोंडही दिसू नये म्हणून बैठकीच्या खिडकीला आरशासारखी फिल्म लावून घेतली. पण ती फिल्म अशी होती, की दिवसा बाहेरच्याला आतलं काही दिसायचं नाही, आतून मात्र बाहेरचं सगळं दिसायचं.

त्यामुळे मूनकाकांना फुकटचा आरसा मिळाला. रोज सकाळी गल्ली ओलांडून ते इंगोल्यांच्या काचेसमोर उभे राहून भांग पाडायचे. आत हातभर अंतरावर इंगोलेकाका चहा पीत बसलेले. असं अकरा वर्षं चाललं. संध्याकाळी आत दिवा लागला की ही फिल्म उलटी चालते आणि आतला माणूस रस्त्यावरून स्वच्छ दिसतो, हे काका सोडून साऱ्या गल्लीला माहीत होतं. सांगणार कोण?

यंदा एप्रिलमध्ये मूनकाकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नागपूरच्या दवाखान्यातून शनिवारी घरी आणणार आणि खाट समोरच्या व्हरांड्यात टाकणार, असं मंगळवारी कळलं. त्याच दुपारी काकांनी फिल्म टराटरा ओढून काढली. फिल्म आली, गोंद आला नाही. अकरा उन्हाळ्यांत भाजलेला तो गोंद. काचेवर जणू साबुदाण्याची खीर वाळली होती.

मी मास्तर, मला सुट्टी. कूलरसमोर पडून राहण्यापलीकडे माझी कोणतीही महत्त्वाकांक्षा नव्हती. काकांनी बोलावलं. खोबरेल तेल झालं, बायकोचं नेलपेंट काढायचं औषध संपलं, तिचा केस वाळवायचा ड्रायर जळला. त्या दिवसापासून ती काकांशी जपून बोलते. शेवटी साबणाच्या पाण्यात भिजवलेले पेपर काचेला चिकटवायचे, तासभर ओले ठेवायचे आणि आडव्या ब्लेडनं खरवडायचं, असं ठरलं. पण वर्ध्याच्या मे महिन्यात पेपर तासभर ओला राहत नाही. तो ओला ठेवणं हे माझं काम. बुधवार गेला, गुरुवार गेला. मी पाणी मारतोय, काका खरवडतायत, मग कापूस ओढतायत, की आहेच, "मास्तर, अजून धरून राह्यला."

शुक्रवारी माझी कंबर गेली. खरं सांगायचं तर जीवच विटला होता. मी वैतागून म्हटलं, काका, पडदा लावा आणि सोडा आता हा नाद.

काका ब्लेड खाली ठेवून बसले. म्हणाले, "त्याच्या घरी जायची हिंमत नाई होत मले. त्यानं तोंड फिरवलं तं? इथं काचेमागं बसतो. त्याले वाटलं तं तो पाहील, नाई वाटलं तं नाई पाहणार."

मी पुन्हा बादली भरली.

शनिवारी अकराच्या सुमारास मूनकाकांना आणलं. खाटेवर उशांना टेकवून बसवलं, तोंड रस्त्याकडे. काचेचा खालचा एक कोपरा अजून चिकटच होता. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला, भर दिवसा ट्यूबलाइट लावली आणि खिडकीत खुर्ची घेतली. मी मागे उभा. मूनकाका बराच वेळ नुसते बघत राहिले.

मग त्यांचा डावा हात हळूहळू वर गेला. बोटं केसांतून मागे फिरली, एकदा, दोनदा, भांग पाडल्यासारखी. मला वाटलं, बिचाऱ्यांना अजून तिथं आरसाच दिसतोय. पण ते थेट काकांकडे बघत होते आणि तोंडाच्या चांगल्या बाजूनं हसत होते.

"मास्तर," काका हळूच म्हणाले, "याले माहीत होतं काय, मी आत असतो ते?"

मी म्हटलं, हो काका. रोज संध्याकाळी तुम्ही दिसायचे.

काकांनीही हात वर नेला आणि आपल्या तुळतुळीत टकलावरून फिरवला, एकदा, दोनदा. मग खिशातला कापूस काढला. मला वाटलं, आता तो कोपरा तपासणार. त्यांनी डोळे पुसले. एक तंतू ओल्या गालावर चिकटून राहिला. मी तो दाखवला नाही. काका उठले, पायात चपला सरकवल्या आणि तो तंतू तसाच घेऊन समोर गेले.